हातानं घट्ट, मग पाऊण फेरा

आबा, आज सकाळी मी एका गॅरेजवाल्यावर ओरडले. इथं हिंजवडीत आमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला त्याचं पत्र्याचं गॅरेज आहे, माझी स्कूटर तिथं ऑइल बदलायला दिली होती. त्यानं खालचा नट सोडला, काळं ऑइल घमेल्यात उतरवून घेतलं आणि माझ्याशी बोलता बोलता घमेलं उचलून सरळ गटारात पालथं केलं. मी काय काय बोलले ते नीट आठवत नाही, पण शेजारच्या टपरीवरची माणसं चहाचे ग्लास हातात धरून बघत उभी राहिली. तो बिचारा हिंदीत एवढंच म्हणत राहिला, "मॅडम, गटर ही तो है." त्याचं चुकलं नव्हतं, गटारच तर होतं. मी घरी आले, हात धुतले, आणि रविवारची सगळी कामं तशीच टाकून ही वही उघडली. मे संपत आलाय. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिलेली नाही. तुम्ही असता तर एकेक अक्षर लावत हे वाचलं असतंत आणि म्हणाला असता, "लई शुद्ध लिवतीस गं." काय करू, आता असंच येतं. घरी आईशी बोलताना तेवढी आपली बोली तोंडात येते.

तुमचीच गोष्ट तुम्हाला सांगणार आहे, पण मला ती एकदा पहिल्यापासून लिहून काढायची आहे. आजोबांची मेंढरं होती, शेळ्या होत्या. तुम्ही सोळाव्या वर्षी हातातली काठी टाकून ताम्हिणीचा घाट उतरलात आणि कोकणातल्या एका बंदरावर मासेमारीच्या बोटीवर राहिलात. सात वर्षं राहिलात. तिथल्या एका म्हाताऱ्या इंजिनवाल्यानं तुम्हाला डिझेल इंजिन शिकवलं. लग्नासाठी परत आलात आणि पुन्हा भातखाचरं, शेळ्या, मिळेल ती मजुरी. शिकलेलं सगळं तसंच पडून राहिलं, कारण आपल्या धरणाच्या पाण्यावर इंजिनाची बोट होतीच कुठं? मग साहेब आले. जन्मभर जहाजावर नोकरी केलेला एकटा माणूस, त्यांनी काठाला बंगला बांधला आणि मुंबईहून एक जुनी शिडाची बोट ट्रकवर घालून आणली. ती उतरवायला अख्खी वाडी गेली होती. बोटीत आत एक बुटकी खोली होती, दोन लाकडी बाकं, आणि उतरायच्या पायऱ्यांच्या मागं, फळीच्या दाराआड, दोन सिलिंडरचं हिरवं इंजिन. वारा पडला की घरी यायला. साहेब शिडातले माहीर, इंजिनापुढं मात्र हात जोडायचे. ते तुम्हाला म्हणाले, "वाऱ्याचं मी बघतो, तेलाचं तुम्ही बघा." त्या दिवशी तुम्ही घरी येऊन आईला सांगितलंत, "मला माझं काम घावलं." तुम्हाला इतकं हसताना मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

अठ्ठ्याण्णव साल असेल, मी आठवीची परीक्षा दिली होती. पावसाळ्यात बोट काठावर ओढून ठेवायची, आणि त्याआधी तेल बदलायचंच, असा तुमचा नेम. वापरलेलं तेल चार महिने आत राहिलं तर बसल्या जागी इंजिन खातं, म्हणायचात. त्या वर्षी तुमचा हात फिल्टरपर्यंत जाईना. फिल्टर म्हणजे इंजिनाच्या मागच्या अंगाला, लाकडाच्या भिंतीला जवळजवळ टेकलेला डबा. तुमचा डावा खांदा बंदरावर असताना एकदा निसटला होता, तो आता वळत नव्हता. तुम्ही घरी आलात, मी भाकरी थापत होते. तुम्ही माझं मनगट धरून उलटसुलट करून पाहिलंत आणि आईला म्हणालात, "हिचा हात जाईल." आई म्हणाली, "पोरीच्या जातीला कशाला ते काळं काम?" तुम्ही म्हणालात, "जातीचं न्हाई गं, मनगटाचं हाय."

मला ती सगळी दुपार दिसते. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं, बुडालेल्या खाचरांचे बांध चिखलातून वर आलेले, आणि बोट पार लांब, खोल पाण्यात नांगरलेली. छोट्या होडीतून आपण तिथं जातो. तुम्ही इंजिन सुरू करता आणि पंधरा मिनिटं चालू ठेवता, कारण थंड तेल जड असतं, घाण तळाला बसलेली असते. मग बंद. खालचा नट सोडायला जागाच नाही, हातसुद्धा शिरत नाही, म्हणून तेल बघायची पट्टी काढून त्याच भोकातून बारीक नळी खाली सोडायची आणि पितळेच्या छोट्या पंपानं तेल वर ओढायचं. पंप तुम्ही चालवता आणि मी डबा धरते. काळं, कढत तेल येतं. तुम्ही त्याचा एक थेंब माझ्या दोन बोटांत चोळायला लावता. "कसं लागतंय?" "गुळगुळीत." "कचकच लागली तर आत झीज हाय. दुधावानी दिसलं तर पानी शिरलंय. इंजिन बोलत न्हाई बाय, तेल बोलतं." मग मी पालथी पडते, हात आत घालते, आणि तुम्ही मागून सांगता. पट्ट्याचा पाना फिल्टरभोवती आवळून तो सोडव. जुना फिल्टर निघाला की त्याची रबराची कडी त्याच्याबरोबर आली का बघ. ती वरच चिकटून राहिली आणि त्यावर दुसरी बसली तर सगळं तेल बाहेर. नव्या कडीला बोटानं तेल लाव. हातानं घट्ट कर. आणि मग वर पाऊण फेरा. "पुरा न्हाई, आर्धा न्हाई. पाऊन." मी तो पाऊण फेरा दिला तेव्हा कोपरापर्यंत काळी झाले होते, आणि मला वाटलं होतं की आता मला जगातलं काहीही जमेल.

त्याच दिवशी तुम्ही मला रागावलात. नवं तेल घालून झालं, इंजिन चालवून कुठं गळत नाही ना ते बघून झालं. तुम्ही आत आवरत होता, आणि डब्याच्या तळाशी राहिलेलं चुळकाभर काळं तेल मी सहज कठड्यावरून पाण्यात ओतलं. ते किती पसरलं! निळं, जांभळं, चकचकीत. मी तुम्हाला दाखवायला हाक मारली, आबा, बघा किती छान. तुम्ही वर आलात. तुम्ही मला कधी मारलं नव्हतं, तेव्हाही मारलं नाहीत. खाली वाकून त्या रंगांतलं ओंजळभर पाणी घेतलंत आणि माझ्या तोंडासमोर धरलंत. "पी." मला वाटलं, चेष्टा. "पी म्हन्तो ना." मी रडायला लागले. तुम्ही ओंजळ सोडलीत आणि पल्याडच्या काठाकडं बोट केलंत. "त्या वाडीतल्या बाया हितनंच हंडं भरत्यात. त्यांनी काय प्यायाचं?" मग अख्खी संध्याकाळ आपण दोघं छोट्या होडीतून गोणपाटाचे तुकडे टाकून तो तवंग टिपत होतो. उरलेलं जळकं तेल तुम्ही दरवर्षी डब्यात भरून घरी आणायचात आणि घराच्या लाकडी मेढींना, दाराच्या चौकटीला फासायचात, वाळवी लागू नये म्हणून. आपल्या घराला कायम त्याचा वास होता. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरांना असतो.

तेल बदलण्यात एवढं काय आहे, हे मला कळलं ते पुढच्या वर्षी, दिवाळीनंतर. पल्याडच्या वाडीतली एक बाई अडली होती. तिकडं रस्ता नव्हता. दोन माणसं काठावर येऊन ओरडत होती, कांबळं हलवत होती. वारा अजिबात नव्हता, शीड नुसतं लोंबत होतं. साहेब सुकाणूवर, तुम्ही इंजिनापाशी, आणि बाई माणूस हवं म्हणून मला घेतलं. येताना त्या बाईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिच्या पाठीखाली बाक, बाकापलीकडं इंजिन, आणि तिचा दात खाऊन कण्हण्याचा आवाज आणि इंजिनाचा आवाज एकमेकांत मिसळलेला. वीस-पंचवीस मिनिटं लागली असतील. तुम्ही सगळा वेळ फळीवर तळहात टेकून बसला होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. काठावर जीप उभी होती. तिला पौडच्या दवाखान्यात नेलं, मुलगी झाली, दोघी जगल्या. जीप गेल्यावर तुम्ही इंजिन बंद केलंत आणि कुणाशीच नाही असं, स्वतःशीच म्हणालात, "चाललं बाबा." त्यानंतर साहेबांनी सांगून टाकलं, बोट शिडाची असो नाहीतर कशाची, अडल्या माणसाला ती आहे. आणि मी दरवर्षी मेमध्ये पालथी पडून फिल्टर बदलत राहिले. हात मोठा झाला तरी जात होता.

दहावीनंतर तुम्ही मला पुण्याला डिप्लोमाला घातलंत. आत्या म्हणाली, पोरीला एवढं शिकवून काय करायचंय, तिचं लगीन बघा. तुम्ही म्हणालात, "हिचं हात शिकल्यात, आता डोकं शिकू दे." होस्टेलवर मी एकदम मुकी झाले. सगळ्या मुली शहरातल्या, नाहीतर तालुक्याच्या गावच्या. मी तोंड उघडलं की 'हाय' आणि 'न्हाई' बाहेर पडायचं आणि त्या हसायच्या, वाईट हेतूनं नाही, पण हसायच्या. पहिल्या वर्षी मेमधलं तेल बदलून मी लेखी परीक्षेनंतरच्या एका प्रॅक्टिकलला परत गेले. ड्रॉइंगच्या टेबलाशी शेजारची मुलगी म्हणाली, "ए, तुझ्या नखांत काय आहे गं? शी!" मी म्हणाले, शाई. तिनं माझ्या ड्रॉइंगशीटवर उमटलेल्या बोटाकडं पाहिलं. काळपट, तेलकट बोट होतं, शाईचं नव्हतं. तिनं पुढं काही विचारलं नाही, आणि त्यानंतर मी तुम्ही काय करता हे कुणाला नीट सांगितलं नाही. "बोटीवर असतात," एवढंच. लोकांना ते मोठ्या जहाजावर वाटायचं. मी वाटू द्यायची. त्या दिवाळीत तुमच्याबरोबर इंजिनाचं काहीतरी किरकोळ काम केल्यावर मी धुण्याच्या दगडापाशी बसून लिंबाच्या सालीनं नखं घासत होते, रक्त येईपर्यंत. तुम्ही गोठ्याच्या दारात उभे होता. तुम्ही पाहिलंत हे मी पाहिलं.

दुसऱ्या वर्षीच्या सुट्टीत मी घरी आले नाही. कॉम्प्युटरचा क्लास लावला होता, खरोखरच लावला होता, त्यासाठी होस्टेलवर राहिले. मेच्या शेवटच्या आठवड्यात, शुक्रवारी, खालून हाक आली, फोन आहे. तुम्ही पौडवरून बोलत होता, डिझेल न्यायला आला होता. तुम्हाला फोनवर बोलता यायचं नाही. पल्याडच्या काठावर ओरडावं तसं ओरडायचात.

"पोरी, जेवलीस का?"

"व्हय. तुमी?"

"जेवलो. आगं, रविवारी येतीस का? तेलाचं राह्यलंय. पाऊस लवकर येईलसं वाटतंय, साहेब बोट काढा म्हन्त्यात. फिल्टर काय माझ्यानं निघंना."

मी फोनची वायर बोटाला गुंडाळत होते. मग तुम्ही आवाज खाली आणलात. इतक्या हळू तुम्हाला फोनवर मी कधी ऐकलं नव्हतं.

"हातमोजं आनल्यात तुझ्यापायी. रबराचं. नखं न्हाई काळी व्हायाची आता."

आबा, मला त्या क्षणी रडू यायला हवं होतं. मला राग आला. तुम्हाला सगळं माहीत आहे, तुम्ही धुण्याच्या दगडापासून माझ्या मागं मागं ड्रॉइंगच्या टेबलापर्यंत आलात, असं काहीतरी वाटलं. कुणीतरी भर वर्गात माझा हात पकडून वर धरावा तसं. मी म्हणाले, "आबा, सोमवारी क्लासची परीक्षा हाय." परीक्षा नव्हती. क्लासला कधी परीक्षाच नसायची. रविवारी आम्ही चार-पाच मुली एकीच्या वाढदिवसाला हॉटेलात डोसा खायला जाणार होतो आणि एकीनं मला तिची जीन्स घालायला देऊ केली होती. पण खरं सांगायचं तर तेही कारण नव्हतं. मला फक्त यायचं नव्हतं.

"परीक्षा असली तर ऱ्हाऊ दे," तुम्ही लगेच म्हणालात, पुन्हा मोठ्यानं. "अभ्यास कर. मी पट्ट्याला पाइप लावून बघतो. निघंल. का न्हाई निघनार?" आणि मग, "ठेवतो गं," म्हणून फोन तसाच हातात धरून राहिलात. तुम्हाला तो ठेवायचा कसा हे कधी नीट कळलं नाही. मला पौडच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. शेवटी मीच ठेवला.

रविवारी काय झालं ते मला नंतर सगळ्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. तुम्ही सकाळी न्याहारी करून एकटेच गेलात. साहेबांनी बंगल्यावरून इंजिनाचा आवाज ऐकला, मग तो बंद झाला, म्हणजे तेल काढायला घेतलं असणार. दुपारी जेवायची वेळ टळली तरी छोटी होडी बोटीलाच बांधलेली. साहेबांनी शिट्टी मारली. हाका मारल्या. मग जाळं टाकायला आलेल्या एका कातकरी दादाला त्यांनी तिकडं पाठवलं. तुम्ही पायऱ्यांना पाठ लावून बसलेले होता, पाय पसरून, हातात पाइप लावलेला पट्टा. त्याला वाटलं, डुलकी लागलीय. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, शेजारी कुणी असतं तरी. तिथंच ते थांबले. त्यांचं ते वाक्य मी आठ वर्षं पुरं करते आहे, कधी एका बाजूनं, कधी दुसऱ्या. त्या वेळी मी डोसा खात होते. मी ते लिहून ठेवते, कारण ते कुठंतरी लिहिलेलं असावं. कुणीतरी काहीतरी बोललं होतं आणि मी खूप हसत होते.

मंगळवारी साहेब घरी आले. ओसरीवर बसले, पाणीसुद्धा प्यायले नाहीत. ते आईला म्हणाले, "वहिनी, या वेळी हे बोलू नये, पण उद्या पुण्याहून एक माणूस येतोय. आभाळ भरून येतंय. इंजिन लावून बोट काठाला घेतो आणि वर ओढून ठेवतो. नाहीतर पहिल्या झडीत ती जाईल." आई नुसती मान हलवत होती. मी आत चुलीपाशी बसले होते. बोटीवरून तुमचं जे सामान आणलं होतं ते कोपऱ्यात होतं. तुमच्या वहाणा, फडक्यात बांधलेली भाकरी, झाकण लावलेला जळक्या तेलाचा डबा. तो काठोकाठ भरलेला होता. आणि त्याच्या शेजारी नव्या तेलाचा डबा, त्याचं सील तसंच. मी दोन्हीकडं बघत राहिले आणि मग उठून ओसरीवर गेले.

"साहेब, इंजिनात तेल न्हाई."

"काय?"

"आबांनी जुनं काढलं. नवं घालायच्या आधीच." मी आतल्या डब्याकडं बोट केलं. "उद्या लावलं तर जाम होईल."

साहेब माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बाळ, त्या माणसाला सांगतो मी. तो घालेल तेल."

मी म्हणाले, "त्याला फिल्टर कुटं हाय ते न्हाई ठावं. मी येते."

आत्या आतून बाहेर आली. "सुतकात? बाप जाऊन दोन दिस न्हाई झालं, आन तू बोटीवर जानार? लोकं काय म्हन्तील?" ती ओरडत नव्हती, रडत होती. आई भिंतीला टेकून बसली होती. रविवारपासून ती कुणाशीच बोलली नव्हती. ती म्हणाली, "जाऊ द्या तिला. त्यांचं काम अर्धं पडलंय."

बुधवारी सकाळी मी नव्या तेलाचा डबा घेऊन साहेबांबरोबर गेले. पुण्याचा तो माणूस भला होता. त्यानं विचारलं, "मी करू का ताई?" मी नको म्हटल्यावर तो वर सुकाणूपाशी जाऊन बसला, पाठ करून. आत सगळं तसंच होतं. पंप, नळी, फडकी. बाकावर प्लॅस्टिकच्या पुडीत हातमोजे, न फोडलेले. मी पुडी फोडली आणि ते घातले. ते मला मोठे होते, तुम्ही दुकानात स्वतःच्या हाताच्या अंदाजानं घेतले असणार. मग पालथी पडले, हात आत घातला. मनाची तयारी केली होती की आता हा घट्ट बसलेला डबा, आता खूप जोर लावावा लागणार. तुम्ही पाइप लावून जोर करत होता, म्हणजे तो किती घट्ट असेल. मी नुसती बोटं ठेवली, आणि तो फिरला.

तुम्ही तो सोडवला होता, आबा. तो निघाला होता. उरलं होतं ते नुसतं हातानं फिरवून काढणं.

मी तिथं किती वेळ तशीच पडून होते मला माहीत नाही. वरून साहेबांचा आवाज आला, "बाळ, ठीक आहेस ना?" मी हो म्हणाले. मोज्यातून रबराची कडी कळेना, म्हणून उजव्या हातातला मोजा काढला. कडी आली होती. नव्या कडीला तेल लावलं. हातानं घट्ट. मग पाऊण फेरा. नरसाळं लावून तेल घातलं, पट्टी पुसली, बुडवली, पुसली, पुन्हा बुडवली, दोन खुणांच्या मध्ये. मग मी त्या माणसाला म्हणाले, लावा. लाल दिवा दोन क्षण पेटून राहिला, तुम्ही सांगायचात तसा, वर तेल चढेपर्यंत. मग विझला. फिल्टरखाली हात फिरवला, कोरडा. बोट काठाकडं निघाली, आणि मी आत इंजिनापाशी बसून राहिले, कारण बाहेर सगळे उभे होते आणि मला रडायचं होतं. इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही.

ते इंजिन त्यानंतर दोन वर्षं चाललं. एकदा पान लागलेल्या, म्हणजे साप चावलेल्या माणसाला त्यानं अल्याड आणलं, एकदा एका म्हातारीला. मी सुट्टीला आले की तेल बदलायची. मग साहेबांना डोळ्यांनी कमी दिसायला लागलं, त्यांचा भाचा त्यांना पुण्याला घेऊन गेला आणि बोट कुणा कोकणातल्या माणसानं नेली. ट्रकवर चढवून ताम्हिणीच्या घाटानं खाली गेली. मी बघायला गेले नाही. तोवर माझा डिप्लोमा संपला होता, पुढं शिकले, नोकरी लागली. आता ऑफिसात माझी नखं स्वच्छ असतात. कुणी विचारलं तर सांगते, वडील बोटीचं इंजिन सांभाळायचे, मीही शिकले होते. लोक म्हणतात, वा, इंटरेस्टिंग. तुमची लाज वाटून मी जे लपवलं, ते आता मी अभिमानानं सांगते. कशासाठी, आणि कुणाला? ज्याला कळायला हवं होतं तो शुक्रवारी फोनवर होता.

आई आता माझ्याकडं असते. तिला सातव्या मजल्यावर करमत नाही, पण राहते. मे संपत आला की ती तुमच्यावर चिडते. मी हे सगळं लिहीत बसले होते तेवढ्यात ती मेथीची जुडी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. "काय लिवतीस एवढं सकाळधरनं?" मी म्हणाले, ऑफिसचं हाय. ती पानं खुडायला लागली. थोड्या वेळानं, दरवर्षी म्हणते तेच म्हणाली. "लई हट्टी मानूस. कुनाला म्हनून सांगायचं न्हाई, इचारायचं न्हाई. पोरीला एक हाक मारली असती तर पोर आली नसती व्हय? पन न्हाई. एकट्यालाच समदं करायचं हुतं." तुम्ही पौडवरून फोन केला होता हे तिला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तुम्ही परत जाऊन तिला सांगितलं नाहीत, की पोरीनं नाही म्हटलं. का नाही सांगितलंत? मला वाचवलंत की तुम्हालाच ते वाईट वाटलं होतं? आठ वर्षं ती त्या एका न मारलेल्या हाकेसाठी तुम्हाला बोल लावते आहे, आणि तुम्ही तो ऐकून घेता आहात.

मी वहीवर हात आडवा ठेवला होता. तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "आली असतीस ना गं?"

मी म्हणाले, "व्हय आई. आले असते."